कासमभाईची वायर

"आता येईल बघा," वासंती म्हणाली, आणि आलाच.

गचका. मी पाय दाबला आणि गाडी क्षणभर मेल्यासारखी झाली. मग पुन्हा जीव धरून ओढायला लागली, पुन्हा गचका. पोफळीच्या पुढे घाटाचा पहिला चढ लागतो, तिथे ही रड. सपाटीवर काही नाही. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवा, घड्याळासारखं चालतं. चढ आला, पाय दाबला, की अडखळलीच.

"तुला आधीच कसं कळतं?" मी विचारलं.

"पोटात कळतं." तिने एक हात समोरच्या कप्प्यावर टेकवला होता. "मलापण असंच होतं ना चढाला. दोन पायऱ्या नीट जातात, तिसरीला हिचीच गत."

"तुझं कराडला बघतील. हिचं मला बघायचंय."

"आधी कुणाचं?"

"हिचं. हिच्याशिवाय तू जाणार कशी?"

ती हसली. मी गाडी वळवली आणि उतारावरून घरी आणली. हा रविवार. वीस वर्षं होत आली, पण त्या आठवड्यातला वार न् वार मला पाठ आहे.

शुक्रवारी चिपळूणच्या डॉक्टरांनी तिला तपासलं होतं. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, मग मला बाहेर बोलावलं. हृदयाची एक झडप खराब झाली होती. कराडला मोठ्या डॉक्टरांना दाखवा, ते बहुतेक ऑपरेशन सांगतील, चार-पाच दिवसांत न्याच, उशीर करू नका, असं म्हणाले. मी आत जाऊन वासंतीला सांगितलं तेव्हा तिने फक्त पदर नीट केला.

तिची मोठी बहीण अशाच दुखण्यासाठी मुंबईला गेली होती. गेली ती स्वतः चालत जाऊन गाडीत बसली. आली ती आडवी. ते आमच्या घरात कुणी बोलायचं नाही.

एसटीने नेता आलं असतं. पण वासंतीला एसटी सोसायची नाही, घाटात दोन वळणं झाली की ओकायला सुरुवात. त्या अवस्थेत तिला दोन-अडीच तास बसमध्ये बसवायचं माझ्या जिवावर आलं. शेजारच्या बापू कदमाची जीप होती. शनिवारी तो स्वतः येऊन म्हणाला, "मिस्त्री, सोमवारी मी मोकळाय. वहिनींना घेऊन जाऊया."

मी म्हणालो, "आमच्या घरी गाडी आहे."

"आहे, पण चालते का?"

"चालेल."

बत्तीस वर्षं मी एसटीच्या डेपोत वर्कशॉपला काढली. घाटात बंद पडलेल्या किती गाड्या मी चालत्या करून खाली आणल्या असतील, त्याची गणती नाही. माझ्या दारात माझी गाडी उभी असताना बायकोला दुसऱ्याच्या जीपमधून नेऊ? निवृत्त झाल्यावर मी हौसेने जुनी पेट्रोलची गाडी घेतली होती. ती माझं ऐकत नाही हे गावाला कशाला कळू देऊ?

सोमवारी सकाळपासून अंगणात कार्बोरेटर उघडून बसलो. हे तिसऱ्यांदा. जेट फुंकून साफ केले. पेट्रोलचा पंप उघडून पडदा बदलला. टाकी आधीच उतरवून धुतली होती. फिल्टर नवा होता. डेपोत आम्ही शिकलो ते एवढंच, की इंजिन ओढत नसेल तर त्याला खायला मिळत नाही. हवा बघ, डिझेल बघ. मी तेच बघत होतो.

वासंती ओटीवर कुळीथ निवडत बसली होती. शेजारी कराडची पिशवी भरून ठेवलेली. दोन साड्या, टॉवेल, तपासणीचे कागद, स्टीलचा पेला. शुक्रवारपासून ती पिशवी तिथेच होती.

"आज होईल का हो?" ती दर तासाने विचारायची.

"होईल."

"बापू हसत होता काल. म्हणे, मिस्त्रींनी लाल डब्याला डॉक्टरकी केली, घरच्या पोरीचा ताप कळेना."

"हसू दे त्याला."

संध्याकाळी गाडी जोडून पुन्हा चढाला नेली. एकटाच गेलो. गचका. तिथेच, त्याच जागी. मी स्टिअरिंगवर हात आपटला आणि परत आलो.

मंगळवारी मान खाली घालून कासम परकारच्या दुकानात गेलो. शिरगावात रस्त्याला लागून त्याचं पत्र्याचं दुकान होतं. गाड्यांच्या वायरी, दिवे, बॅटऱ्या असलं काम करायचा. माझ्याच वयाचा. डेपोतले आम्ही असल्या कामाला हलकं समजायचो.

"काय मिस्त्री, आज सूर्य कुठून उगवला?" तो म्हणाला. "बत्तीस वर्षांत माझ्या दुकानाची पायरी चढला नाहीत."

"पायरी कुठाय तुमच्या दुकानाला?"

"म्हणून तर चढला नाहीत. या, बसा. काय झालं?"

मी सांगितलं. तो ऐकताना तोंडात सुपारी फिरवत होता.

"म्हणजे सगळं पेट्रोलच्या वाटेनं बघितलंत. ठिणगीकडं बघितलंत का?"

"प्लग बदलले."

"प्लग बदलणं म्हणजे ठिणगीला लांबून नमस्कार. घरात कुठं शिरलात तिच्या?" तो उठला. "तुमचा दोष नाही. तुमच्या डिझेलला ठिणगीच नसते. जन्मभर जिच्याशी गाठ पडली नाही, ती रुसलीय हे तुम्हाला कळणार कसं?"

खरं होतं ते. महिनाभर मी त्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण नुसतं उघडून पुसून परत लावत होतो.

कासमभाईने झाकण काढलं. आत एक गोल प्लेट असते, तिच्यावर ठिणगी तोडणारे पॉइंट. त्यांना जोडलेली एक वायर, बोटभर लांब. त्याने ती वायर हातात घेऊन मला दाखवली. वरून चांगली होती. कुठे चिरलेली नाही, कुठे जळलेली नाही.

"चांगली आहे की," मी म्हणालो.

"आता बघा." त्याने बॅटरी, एक छोटा दिवा आणि ती वायर एकमेकांना जोडली. दिवा लागला. मग प्लेट फिरवणाऱ्या डबीला इंजिनकडून येणारा बारीक रबरी पाइप त्याने काढला, तोंडात धरला आणि ओढला. प्लेट जराशी फिरली. चढाला पाय दाबला की ती अशीच फिरते. दिवा विझला. त्याने पाइप सोडला, प्लेट मागे आली, दिवा लागला. पुन्हा ओढला, विझला.

मी खाली वाकून बघत राहिलो.

"आतून तुटलीय," कासमभाई पाइप पुसत म्हणाला. "आतल्या तारा तुटल्यात, वरचं कातडं शाबूत आहे. उभी असते तोवर टोकाला टोक लागून असतं. जरा ताण आला, की सुटलं."

त्याने मऊ तारांची नवी वायर कापली, टोकं डाक लावून बसवली. अर्धा तास लागला असेल. मग दिव्यावर पुन्हा तपासली. कितीही ओढा, दिवा विझला नाही.

"वहिनींना कधी नेताय?"

"गाडी झाली की."

"मग ही झाली. घाटात एक फेरी मारून या, आणि उद्या सकाळी निघा. पहाटे नको, धुकं असतं. सातला निघालात तर दहाच्या आत कराडात."

"कासमभाई, तुमचे उपकार…"

"उपकार कसले? परत आलात की वहिनींच्या हातचा चहा पाजा."

मी घाटात गेलो. पहिला चढ आला, मी जोरात पाय दाबला. गाडी सरळ ओढत गेली. दुसरं वळण, तिसरं. कुंभार्ली घाट मी आयुष्यात हजार वेळा चढलोय, इतका सहज कधी चढलो नव्हतो. माथ्यावर गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं नाही. पंधरा-वीस मिनिटं नुसता आवाज ऐकत बसलो. समोर कराडचा रस्ता होता. सरळ जाणारा. माझ्याजवळ आता काही राहिलं नव्हतं बघायला.

घरी आलो तेव्हा दुपार झाली होती. वासंती ओटीच्या खांबाला टेकून उभी होती. पिशवी तिच्या पायाशी.

"झाली का हो?"

मी गाडीचं दार लावलं. हात फडक्याला पुसले, ते स्वच्छच होते.

"नाही अजून," मी म्हणालो. "थोडं राहिलंय."

तिने श्वास सोडला. मी तो बघितला. चार दिवस मी समजत होतो की तिला घाई झालीय, म्हणून विचारतेय. पण तिचा चेहरा उतरला नाही, उलट मोकळा झाला.

"राहू दे मग," ती म्हणाली. "उद्या बघा. पिठी केलीय, गरम आहे. हात धुवा."

त्या दुपारी आम्ही दोघं पोटभर जेवलो. तिने मला दुसऱ्यांदा भात वाढला, स्वतःही घेतला. जेवताना तिने आमची उज्ज्वला लहान असताना विहिरीत तांब्या टाकायची, त्याची गोष्ट काढली. पानं उचलताना ती थांबून दम घेत होती, ते मी बघितलं.

एकच दिवस, असं मी मनाशी ठरवलं. उद्या सांगेन.

बुधवारी सकाळी बॉनेट उघडलं. पाने खाली मांडले. कार्बोरेटरचा चांगला बसलेला बोल्ट सोडवला आणि परत आवळला. पुन्हा सोडवला, पुन्हा आवळला. वासंती ओटीवर होती. तिने त्या दिवशी "आज होईल का" असं एकदाही विचारलं नाही. बापू बांधावरून ओरडला, "मिस्त्री, अजून तीच बोंब?"

"तीच," मी म्हणालो.

संध्याकाळी उज्ज्वलाचा डोंबिवलीहून फोन आला. आमची एकुलती मुलगी. तिला शनिवारी कळलं होतं, तेव्हापासून रोज फोन.

"बाबा, अजून गाडी?"

"उद्या होईल."

"बापूकाकांची जीप घ्या ना. कशाला हट्ट करताय?"

"आपल्या दारात गाडी असताना?"

"बाबा, आईचं काय व्हायचं ते…" तिने वाक्य पुरं केलं नाही. "उद्या नक्की न्या. नाहीतर मी येते."

"नक्की," मी म्हणालो. वासंती पलीकडे बसून ऐकत होती. फोन ठेवला तेव्हा ती म्हणाली, "उगाच घाबरते पोरगी."

गुरुवारी सकाळी नऊच्या सुमाराला मी बॉनेटखाली होतो. ती चहाचा कप घेऊन ओटीवरून उतरायला लागली. दोन पायऱ्या उतरली.

"अहो, जरा," ती म्हणाली आणि तिथेच बसली. कप हातातून सुटला नाही, तिने तो नीट बाजूला ठेवला. ओठ निळे पडले होते.

मी हाक मारली तसा बापू धावत आला. "जीप आणतो," तो म्हणाला. "पाच मिनिटं."

"नको. बस मागे."

"अहो, ही कुठं चालतेय!"

"बस म्हटलं ना."

मी बॉनेट पाडलं. आम्ही दोघांनी तिला उचलून मागच्या सीटवर ठेवलं, बापू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला. मी गाडी काढली ती कराडच्या दिशेला; चिपळूण जवळ होतं, पण तिथल्या डॉक्टरांनीच कराडला न्यायला सांगितलं होतं. शिरगावात कासमच्या दुकानावरून गेलो तेव्हा तो बाहेर उभा होता. त्याने हात वर केला, मग गाडीत बघितलं आणि हात तसाच राहिला.

पोफळी गेली. चढ आला. मी पाय दाबला आणि गाडी चढायला लागली. एक वळण, दोन वळणं. कुठे अडखळली नाही. आरशात बापू दिसत होता. तो आधी वासंतीकडे बघत होता, मग माझ्या मानेकडे बघायला लागला.

"अहो," मागून आवाज आला. फार बारीक.

"बोलू नकोस. आलंच."

"गाडी नीट झाली."

"हो."

"कधी?"

मी समोर बघत होतो. रस्त्यावर एक ट्रक उतरत होता, त्याला बाजू दिली.

"आज सकाळी," मी म्हणालो.

पुढचं वळण आलं आणि गेलं. मग ती म्हणाली, "मग बरं."

तिच्याशी माझं शेवटचं बोलणं ते. हेळवाक ओलांडलं तेव्हा मी शंभरच्या वेगाने होतो. बापूने पुढे वाकून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मिस्त्री," तो म्हणाला, "आता घाई करू नका."

कराडला डॉक्टरांनी बघितलं आणि कागद लिहून दिला. वय, वेळ, कारण. डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, "त्रास कधीपासून होता?" मी सांगितलं. त्यांनी पेन थांबवलं, मग पुन्हा लिहायला लागले.

पाचव्या-सहाव्या दिवशी घरात माणसं येऊन बसत होती. उज्ज्वला आईच्या पिशवीजवळ बसलेली. ती पिशवी तिने कुणाला उचलू दिली नव्हती. त्या दिवशी कासमभाई आला. ओटीच्या कडेला बसला, डोक्यावरची टोपी हातात घेऊन. पाणी दिलं ते प्यायला.

उज्ज्वला एकाएकी म्हणाली, "बाबा, बापूकाका सांगतात घाटात गाडी लोण्यासारखी चढली."

मी खाली बघितलं.

"मग आधी का नाही नेलंत? बुधवारी फोनवर म्हणालात, अजून झाली नाही. गुरुवारी सकाळी एकदम कशी झाली?"

ओटीवर आठ-दहा माणसं होती. सगळी माझ्याकडे बघायला लागली. बापूसुद्धा. मी तोंड उघडलं. शब्द होते. मंगळवारी झाली. एवढंच म्हणायचं होतं.

"माझी चूक आहे ती, बेटा," कासमभाई म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले.

"दोष सापडला होता मंगळवारी. वायरचं काम होतं. मिस्त्री म्हणाले, आत्ता करून द्या, वहिनींना न्यायचंय. माझ्याकडं दुसरं गिऱ्हाईक होतं, मी म्हटलं उद्या देतो. उद्याचं परवा झालं. गुरुवारी सकाळी वायर दिली." त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. "मला काय माहीत, एवढं होईल. पण चूक माझी."

उज्ज्वला त्याच्याकडे बघत राहिली. मग उठून आत गेली. आतून तिच्या रडण्याचा आवाज आला. बापू म्हणाला, "कासम, हे बरं नाही केलंस." दुसरा कुणीतरी म्हणाला, "माणूस मरणाच्या दारात आणि ह्यांना गिऱ्हाईक." कासमभाई ऐकत बसला. दहा मिनिटं तरी बसला असेल, लगेच उठला नाही.

मी त्याला कुंपणाच्या फाटकापर्यंत, बेड्यापर्यंत, पोचवायला गेलो. त्याची आडवी काठी सरकवून बाहेर आल्यावर मी म्हणालो, "कासमभाई, असं का सांगितलंत?"

"मग काय सांगणार होतात तुम्ही?"

मी काठी पुन्हा जागेवर सरकवली.

"मंगळवारी तुम्ही घाटातनं परत आलात, माझ्या दुकानावरनं गेलात. मी आवाज ऐकला, मिस्त्री. आवाजात माझं चुकत नाही." त्याने टोपी डोक्यावर घातली. "का केलंत, मी विचारत नाही. तिला आई नाही आता. बाप तरी राहू दे."

"लोक तुम्हाला नावं ठेवतील."

"ठेवू दे की. तुम्ही डेपोवाल्यांनी आधी काय कमी ठेवली?" तो थोडा हसला. "जा आत. पोरगी एकटी आहे."

मी आत गेलो. त्या रात्री सांगेन, असं ठरवलं. मग तेराव्याला. मग ती सासरी परत जायच्या आधी. वासंतीबरोबर जसं एक-एक दिवस केलं, तसंच.

आमच्या वाडीतली माणसं कासमच्या दुकानात जायची बंद झाली. बापूने बॅटरीसाठी चिपळूण गाठायला सुरुवात केली. कासमभाई मला रस्त्यात भेटायचा, तोच नमस्कार, तीच सुपारी. त्याने पुन्हा कधी विषय काढला नाही. मीही नाही. गाडी मी त्याच वर्षी विकली. घेणारा घाटावरचा होता, त्याने चढाला चालवून बघितली आणि खूश झाला.

उज्ज्वला दर वर्षी आईच्या श्राद्धाला यायची. स्टँडवरून घरी येताना कासमचं दुकान लागायचं, तेव्हा ती मान दुसरीकडे वळवायची. मी तिच्या शेजारी चालत असायचो. मी समोर बघायचो.

गेल्या पावसाळ्याअगोदर कासमभाई गेला. त्याच्या मुलाने दुकान बंद केलं होतं, पत्रे गंजून गेले होते. मी मातीला गेलो, मूठभर माती टाकली आणि घरी येऊन उज्ज्वलाला फोन लावला. आज सांगायचं, असं ठरवूनच लावला. आता तो नव्हता. मला पाठीशी घालायला कुणी उरलं नव्हतं.

"उजू, कासमभाई गेले," मी म्हणालो.

तिच्याकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"बाबा," ती म्हणाली, "मी कुणाचं वाईट चिंतत नाही. पण देव बघत असतो."

माझ्या हातात फोन होता. वाक्य तोंडात तयार होतं.

"हो," मी म्हणालो. "बघत असतो."